मांडव उभा आहे

डोंबिवली, ४ मार्च १९९०

आवडाआत्याला जयाचा वाकून नमस्कार. तू पाय मागे घेतलेस तरी नमस्कार.

हे पत्र मालू तुला वाचून दाखवेल. मालू, बाई, जसं लिहिलंय तसं वाच. आईला बरं वाटावं म्हणून मधलं काही गाळू नकोस आणि पदरचं काही घालू नकोस.

आत्या, गेल्या रविवारी नौपाड्याच्या हॉलमध्ये माझ्या नाचाच्या कार्यक्रमात जे झालं त्यावरून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. रिक्षात बसताना तू म्हणालीस, "आजपासून मना भाची नाय." मी ते ऐकलं. पायऱ्यांवर उभ्या असलेल्या सगळ्यांनी ऐकलं. आता माझी बाजूही ऐक. समोर येऊन बोलले असते तर तू दोन वाक्यांत माझं तोंड बंद केलं असतंस. कागदाचं तोंड तुला बंद करता येत नाही, म्हणून पत्र.

मी तुला फसवून नेलं असं तू बाळकुमभर सांगतेयस म्हणे. मी फसवलं नाही. दोन वर्षं मी तुझ्या मागे लागले होते, की एकदा तरी माझ्या टेपवर धवला म्हण. आपल्याकडे भटजी मंत्र म्हणतो त्या जागी तू धवला गातेस, धवलारीण म्हणून तुझ्या गाण्याने लग्न लागतं, आणि लग्न नसताना धवला तोंडातून काढायचा नाही, हे तू मला शंभरदा ऐकवलंस. ठीक आहे म्हटलं. मी नाद सोडला. माझ्या नाचासाठी खाडीचे आवाज टेप केले. वल्ह्यांचा, चिखलात पाय रुततो त्याचा, ओहोटीच्या पाण्याचा. मग तुला बोलवायला आले ती निव्वळ पाहुणी म्हणून. रिकाम्या हाताने कसं बोलवायचं, म्हणून तुझ्या आणि तुझी मागली म्हणून गाणाऱ्या जनाबाईच्या हातावर एकेक सुपारी ठेवली आणि म्हटलं, "मांडव घातलाय, या."

धवलारणीच्या हातावर सुपारी ठेवली की ती लग्नाला बांधली गेली, हे मला माहीत नव्हतं का? तुझ्या घरात वाढलेय, माहीत होतं. पण शहरात कार्यक्रमाच्या पाहुण्यांना नारळ देतात, तशी मी सुपारी दिली. माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

आणि तुझ्या डोक्यात काय होतं ते मला मालूने सांगितलं. आईबाप नसलेली पोर, शहरात कुणाशी तरी जमवलंय, लाजेपायी नवऱ्याचं नाव घेत नाही, पण रीत विसरली नाही, सुपारी घेऊन आली. तू त्या रात्री जेवली नाहीस म्हणे, आनंदाने.

तू नवं लुगडं नेसून आलीस. हॉलमध्ये तुला काय दिसलं? चार बांबूंचा मांडव, उंबराची फांदी, तांदळाच्या पिठाने भरलेला चौक, दोन पाट, वाटीत हळद, आणि पिवळी साडी नेसलेली मी. सगळं तू शिकवलंस तसं. माझं मेलं नीटनेटकेपणच नडलं. वरच्या पांढऱ्या कापडावर प्रोजेक्टरने खाडीचा सिनेमा पडत होता, तोही तुला शहरी लग्नातली रोषणाई वाटला असेल. तू पाटासमोर बसलीस, पदर सावरलास आणि पहिली ओळ टाकलीस. जनाबाईने ती उचलली.

मला वाटलं, आत्या विरघळली. मी कॅमेरा आणि टेप सांभाळणाऱ्या हरिहरला खूण करून टेप बंद करायला लावली आणि तुझ्या आवाजावर नाचले. आत्या, तो तासभर आपण दोघी खूश होतो, वेगवेगळ्या गोष्टींवर. मी आयुष्यात इतकी चांगली नाचलेली नाही.

मग तू हळदीची वाटी उचललीस आणि सगळ्यात जवळ जो पुरुष होता त्याच्या गालाला हळद लावलीस. तो हरिहर होता. कॅमेरा खांद्यावर घेऊन तुझ्यासमोर गुडघ्यावर बसला होता. त्याचं डोंबिवलीत लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे आणि घरी बायको आहे. तो "अहो मी नाही, मी नाही" म्हणाला. लोकांना वाटलं नाटकातलाच भाग आहे, ते हसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. तू उभी राहिलीस. "टाल्या कसल्या वाजवताव?" म्हणालीस. "नवरा कुठं हाय गो?"

राग ओसरला की मालूकडून दोन ओळी पाठव. हरिहरच्या कॅमेऱ्यावरची हळद अजून निघालेली नाही, आणि त्याच्या बायकोची समजूतही.

तुझी,
जया

---

डोंबिवली, २२ एप्रिल १९९०

आत्या,

दोन ओळी आल्या नाहीत, मालू आली. तिला मी जेवू घातलं, काळजी करू नकोस. बोंबलाचं कालवण तिने केलं, मी फक्त खाल्लं.

तू कोलशेतच्या एका घराची लग्नाची सुपारी परत केलीस हे तिने सांगितलं. आधी मला पटेना. तू गाणं नाकारलंस? तापाने फणफणलेली असताना तू तीन मांडव केलेले मी पाहिलेत. मालू म्हणाली, आई आता कुणाचंच लग्न लावणार नाही. तुझे शब्द तिने जसेच्या तसे म्हणून दाखवले: "मी देव बोलावलं, खाडी बोलावली, सूर्य बोलावला. ते आलं नि बसलं. लगीन न दाखवता त्यांना उठवू कशी? ते उठलं नाय तवर दुसऱ्याच्या मांडवात मी कुना बोलवू?"

यावर मी हसणार होते. हसू आलं नाही.

आणि मग तुझा निरोप. एक तर मी कुणाशी तरी लग्न करावं, म्हणजे देवांना बघायला काही तरी मिळेल. नाहीतर मांडव माझ्या हाताने उतरवावा, गाठी सोडाव्यात, उंबराची फांदी खाडीला द्यावी, आणि देवांची माफी मागावी.

पहिलं जमणार नाही. नवरा ही बाजारातून आणायची वस्तू असती तर तुझ्या गाण्यासाठी आणलाही असता एखादा.

दुसऱ्याबद्दल सांगते. मांडव हरिहरच्या दुकानाच्या माळ्यावर आहे. बांबू सुटे केलेत, पण खांबांना मारलेल्या सुतळीच्या गाठी मी सोडलेल्या नाहीत. त्या तशाच लागतात, पुन्हा उभा करताना. हो, पुन्हा. बडोद्याहून बोलावणं आलंय. तिथे चित्रं, मूर्ती, सगळं शिकवणारी मोठी मंडळी आहेत, त्यांना हे काम पाहायचंय. आत्या, आठ वर्षं मी नाचतेय, सिनेमाची रिळं कापतेय, लोकांच्या टोमण्यांवर जगतेय. "हे नेमकं आहे तरी काय, बाई, नाच की प्रदर्शन?" आज पहिल्यांदा कुणी तरी ते काय आहे हे न विचारता ये म्हणालं. मी गाठी सोडणार नाही.

परवा मी बाळकुमला आलेले. वडिलांच्या जुन्या होडीचं काय झालं ते बघायला, असं स्वतःला सांगितलं. तुझ्या दारापर्यंत आले नाही. अंगणात तू जाळ्याला रफू करत बसली होतीस, गुणगुणतसुद्धा नव्हतीस. तशीच परत फिरले.

जया

---

डोंबिवली, १८ नोव्हेंबर १९९०

आत्या,

दिवाळीत तू फराळाचा डबा मालूबरोबर पाठवलास आणि सांगितलंस, मालूनेच पाठवलाय असं सांग. करंज्यांची मुरड कुणाची आहे हे मला कळत नाही असं वाटलं का? मालूची मुरड उसवते.

बडोद्याचं सांगते. तू विचारलेलं नाहीस तरी.

मांडव उभा केला. वर खाडीचा सिनेमा, खाली चौक. नवरीच्या पाटावर मी. नवऱ्याच्या पाटावर टीव्ही ठेवला. टीव्हीत हरिहरने त्या दिवशी केलेलं शूटिंग, तू आणि जनाबाई गाताना, मध्ये मध्ये मी नाचताना. तू गायचीस, मी नाचायचे, आणि शेवटी टीव्हीतून तूच विचारायचीस, नवरा कुठं हाय गो. मग टीव्ही बंद व्हायचा आणि मी रिकाम्या पाटाकडे बघत उभी राहायचे. एक म्हातारे प्रोफेसर रडले.

नंतर त्यांनीच मला विचारलं, "तुम्ही नेमक्या कोण? नर्तकी, सिनेमावाल्या, की ही मांडणी करणाऱ्या?" मी खूप लांबलचक उत्तर दिलं. खोलीवर येऊन ते आठवलं तेव्हा त्यात एकही खरं वाक्य सापडलं नाही.

खरं तुला सांगते. तू मला नौपाड्याच्या भरतनाट्यमच्या क्लासला घातलंस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आठवतं, तू फीबरोबर बाईंना ओली कोळंबी दिलीस आणि त्यांनी ती दोन बोटांनी धरून दाराबाहेर ठेवली? बाई वाईट नव्हत्या. माझ्यावर मेहनत घेतली त्यांनी. पण रोज म्हणायच्या, "जया, बाळकुमची चाल दाराबाहेर ठेवून ये." मी ठेवली, कोळंबीच्या पिशवीशेजारी. अर्धं बसून पाय आपटायला शिकले. मग एका हळदीला मालू आणि पोरींनी मला फेरात ओढलं आणि थोड्या वेळाने हळूच सोडलं. शेजारची एक पोर म्हणाली, "हिला आता आपल्यासारखं नाचता येत नाय गो." क्लासमध्ये म्हणायचे, कोळीण असून किती छान नाचते, आणि गावात मी बामणीण झाले. मला कुठल्याच दारातून नीट आत जाता येईना.

म्हणून मी मांडव घातला. मुलगी एका घरातून सुटलेली असते आणि दुसऱ्या घरात पोचलेली नसते, तेव्हा तेवढ्यापुरती तिची जागा म्हणजे मांडव. मला वाटलं, माझी तीच जागा आहे, आणि मी तिथे उभी राहीन. एक पाय बाईंचा, एक पाय तुझा. ते लोकांना कळतं, आत्या. बडोद्यात बघायला आलेल्या एका पंजाबी मुलीलाही कळलं.

आणि तू काय निरोप पाठवलास? "तिच्या सिनेमात मी रोज गाते नि रोज नवरा येत नाय."

हे वाक्य मालूने सांगितलं तेव्हा ती सहज सांगून मोकळी झाली. मला मात्र ते फार लागलं. तरी मी पुण्याचं बोलावणं स्वीकारलंय. लपवत नाही.

करंज्या संपल्या.

जया

---

डोंबिवली, ११ ऑगस्ट १९९१

आत्या,

जनाबाईच्या दहाव्याला मी आले होते. तू मला पाहिलंस. मी बायकांच्या मागे उभी होते, खाडीच्या बाजूला. तू मान वळवलीस, पण लगेच नाही. थोडा वेळ बघत राहिलीस. तेवढ्यावर मी पुढचे दिवस काढले.

ती गेली याचं मला फार वाईट वाटतंय. लहानपणी मी लग्नात झोपायचे ती कुणाच्या मांडीवर? तू पुढची, तुझी मांडी मोकळी नसायची. मी जनाबाईच्या मांडीवर. तू ओळ टाकायचीस, ती उचलायची, आणि तिचं पोट माझ्या कानाशी हलायचं. तुझा आवाज मी लांबून ऐकलाय, तिचा आतून.

तू कुणाशीही तिची ओळख करून देताना कधी नाव सांगितलं नाहीस. "ही माझी मागली," एवढंच म्हणायचीस. आणि ती एवढीशी बाई ताठ व्हायची.

मालू सांगत होती, आता तू चुलीपाशीही गात नाहीस. दळताना नाही, पोराटोरांना निजवताना नाही. मला विचारायचा हक्क नाही, तरी विचारते. देव अजून बसलेत म्हणून, की जनाबाई उठून गेली म्हणून?

तिचा आवाज माझ्याकडे आहे. तुला हवा असेल तर मी टीव्ही घेऊन बाळकुमला येईन. नको असेल तर नको.

जया

---

डोंबिवली, १५ डिसेंबर १९९१

आत्या,

मालूचं जमलं हे ऐकून मी खोलीत एकटीच नाचले. खालच्या काकूंनी छताला झाडूचा दांडा ठोकला. राघोला मी ओळखते, कोलशेतचा, पावाच्या लादीसारखा चौकोनी आणि मऊ. चांगला आहे.

पण मालू आली ती रडतच. तू तिच्या लग्नात गाणार नाहीस. ठाण्याहून भटजी बोलावणार, अर्ध्या तासात उरकणार, आणि हळदीला बँजो पार्टी. बाळकुम-कोलशेतात अशी एक पिढी नाही जिचं लग्न तू लावलं नाहीस, आणि पोटच्या मुलीच्या वेळी तू पदराआड तोंड धरून बसणार? मालू म्हणाली, "भटजीनं लावलं तरी लगीनच, पन आईनं नाय लावलं तर मना वाटंल मी पलूनच गेले."

माझ्यावरचा राग मालूवर का काढतेस? तिने कुणाच्या हातावर सुपारी ठेवली नव्हती. मी काय केलंय असं? बांबू उभे केले आणि त्यात नाचले. तू गायलीस, ते सुंदर होतं, म्हणून मी ते जपलं. तू चिडून ते टाकून दिलं असतंस, मी नाही टाकलं. आज दिल्लीला बोलावणं आलंय, देशभरातल्या मोजक्या लोकांना येतं तसं, आणि तारखा नेमक्या मालूच्या लग्नाच्या आठवड्यातल्या. तू मला त्या लग्नाला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीस हे तू आधीच कळवलं आहेस. मग मी दिल्लीला का जाऊ नये?

जाणार. मांडव घेऊन जाणार, गाठींसकट.

मालू, हे सगळं वाच. एकही शब्द गाळू नकोस. आणि तुझ्यासाठी पेटीत हिरवी साडी ठेवलीय, ती हरिहरबरोबर पाठवते.

जया

---

डोंबिवली, २३ जानेवारी १९९२

आत्या,

मी दिल्लीला जात नाही.

थांब, लगेच जिंकल्यासारखा चेहरा करू नकोस. तुझ्या धाकाने नाही. काय झालं ते सांगते, मग ठरव.

परवा दुपारी हरिहरच्या दुकानात सामान बांधत होते. बांबूंना गोणपाट गुंडाळून झालं. उंबराची फांदी वाळून पार काटकी झालीय, पानं कधीच झडली, ती खोक्यात घातली. शेवटी दिल्लीला पाठवायची कॅसेट नीट वाजते का ते बघायला टीव्ही लावला. ती कॅसेट मी किती वेळा पाहिली असेल, माझी मलाच कल्पना नाही. पण पाहायचे काय, तर माझे पाय. बाईंचा पाय चांगला पडला की तुझा, हे. कलाकार माणूस स्वतःच्या पायांपलीकडे फारसं बघत नाही, आत्या.

हरिहर शेजारी चहा पीत होता. तो लग्नवाला, त्याला पायांशी काय देणंघेणं? त्याची सवय अशी की नवरीचा चेहरा दिसला की कॅमेरा तिच्यावर नेऊन ठेवायचा. मध्येच तो म्हणाला, "जया, तू गातेस की इथे."

मी म्हटलं, काहीतरीच.

त्याने मागे नेऊन पुन्हा दाखवलं. तू ओळ टाकतेस. जनाबाईला खोकला येतो, ती तोंडाला पदर लावते. आता गाणं तुटणार. तुटत नाही. ओळ कुणी तरी उचलतं, आणि जनाबाई श्वास घेऊन परत येईपर्यंत सांभाळतं. मी इतके दिवस ते जनाबाईचंच समजत होते. नाचता नाचता ओठ माझे हलताहेत. आणि आत्या, टीव्हीत तूही दिसतेस. तू डोळे उघडून माझ्याकडे बघतेस. हसत नाहीस, मान हलवतेस, बरोबर आहे अशी, आणि पुढची ओळ टाकतेस. माझ्याकडे टाकतेस.

मी कुणी शिकवलेलं गात नव्हते. मांडीवर झोपून जे पोटात गेलं ते आलं. माझ्या पायांचं भांडण चाललं होतं आणि तोंड आपलं काम करून मोकळं झालं होतं.

ते पाहून मी रडले. हरिहर चहा आणायला निघून गेला, हातात अर्धा भरलेला कप असताना.

म्हणून माझं म्हणणं असं. मांडव मी उतरवणार नाही, आणि तुला देवांना रिकाम्या हाताने उठवायलाही सांगणार नाही. मांडव बाळकुमला आणते. तुझ्या अंगणात तोच उभा करू, त्याच गाठींवर. देव दोन वर्षं ज्या मांडवात बसलेत त्यातच मालू आणि राघो बसतील. थांबलेलं लग्न लागेल. नवरा थोडा उशिरा आला, एवढंच. मग तू म्हणशील तेव्हा मी माझ्या हाताने गाठी सोडीन आणि ती वाळकी फांदी खाडीला देईन. त्यानंतर हा मांडव पुन्हा कुठेही उभा राहणार नाही.

दिल्लीला तसं कळवलं: मांडव लग्नाला गेला आहे, पाठवता येत नाही. त्यांना ही माझी नवी कल्पना वाटली असेल. कॅसेट मी कुलपात ठेवलीय. मालूचं लग्न लागल्यावर कॅसेटच्या शेवटी, तुझ्या प्रश्नानंतर, त्या दोघांची नावं येतील. मग तू सिनेमात गायलीस तरी रोज नवरा येईल. हेही तू हो म्हणालीस तर.

आणि एक. तू देवांचं नाव पुढे करतेस, आणि ते खोटं नाही. पण गेल्या ऑगस्टपासून तुझा घोर वेगळा आहे असं मला वाटतं. ओळ टाकायची कुणापुढे? खाली पडली तर?

मी उचलीन. मला सगळा धवला येतो असं नाही. जिथे अडेन तिथे तू रागाने बघ, मला आठवेल.

पण आगंतुकासारखी मी येणार नाही. रीत तूच शिकवलीस. गायला येणारीच्या हातावर सुपारी ठेवावी लागते. मागच्या वेळी मी तुला दिली आणि दोघींनाही महागात पडली. या वेळी तू दे. नाही दिलीस तर मी समजेन, आणि लग्नाच्या दिवशी तुझ्या अंगणापासून दूर खाडीवर बसून राहीन. दिल्लीला तरीही जाणार नाही.

जया

---

डोंबिवली, ९ फेब्रुवारी १९९२

आत्या,

हे पत्र माझ्याआधी पोचतं की नंतर, कोण जाणे. उद्या सकाळी टेम्पो सांगितलाय. बांबू, कापड, दोन्ही पाट, सगळं येतंय. टीव्ही येत नाही. हरिहर येतोय, बायकोसकट, आणि बायकोने बजावलंय की हळद लागलीच तर तिच्या हाताने लागेल. कॅमेरा आणायचा की नाही हे त्याने तुला विचारायचं, मला नाही.

उंबराची ताजी फांदी तूच तोडून ठेव. चौकाला पीठ दळून ठेव. मालूला सांग, रडून डोळे सुजवू नकोस, मग शूटिंगमध्ये, म्हणजे झालंच तर, वाईट दिसतं.

काल दुपारी पोस्टमन आला. हातात पाकीट होतं. आत चिठ्ठी नव्हती, फक्त एक सुपारी, शिक्का मारताना दुभंगलेली. पाकिटावर पत्ता मालूच्या अक्षरात, पण शब्द तिचे नव्हेत.

पोस्टमन नवा आहे, मला ओळखत नाही. त्याने चष्मा वर केला, पाकीट लांब धरलं आणि जिन्यातून ओरडून विचारलं, "आवडाबाईची मागली कोण राहते इथे?"

मी दार उघडलं आणि म्हटलं, "मी."

जया